अब्राहम-लुई ब्रेगे

अब्राहम-लुई ब्रेगे (१० जानेवारी, १७४७ : नूशातेल – १७ सप्टेंबर, १८२३ : पॅरिस) हे पॅरिसमध्ये कारकीर्द घडवलेले ख्यातनाम घड्याळनिर्माते होते. त्यांचे जन्मस्थान नूशातेल आता स्वित्झर्लंडमध्ये आहे. बाळगणाऱ्याच्या हालचालीने आपोआप चावी मिळणारे खिशातील घड्याळ भरवशाचे करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. तूर्बियों या यंत्रणेचे जनक म्हणूनही ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

ब्रेगे अकरा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांचे निधन झाले. त्यांच्या आईने घड्याळाच्या व्यवसायातील जोझेफ तात्ते यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्यामुळे ब्रेगे या व्यवसायाकडे वळले. १७६२ मध्ये त्यांना शिकाऊ कारागीर म्हणून व्हर्सायला पाठवण्यात आले. पॅरिसच्या माझारँ महाविद्यालयात त्यांनी गणिताचे शिक्षणही घेतले. १७७५ मध्ये त्यांचा सेसिल लुइलिए यांच्याशी विवाह झाला आणि त्याच वर्षी त्यांनी पॅरिसमध्ये सेन नदीकाठच्या के द लॉर्लोज या रस्त्यावर आपली कार्यशाळा सुरू केली. १७८० मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले.

स्वयंचलित घड्याळ

यांत्रिक घड्याळाला लागणारी ऊर्जा एका डबीत गुंडाळलेल्या मुख्य स्प्रिंगमध्ये साठवलेली असते. ही स्प्रिंग हळूहळू उलगडत दातेरी चाके फिरवते. त्या काळी ती किल्लीने पुन्हा गुंडाळावी लागे. विसर पडल्यास घड्याळ बंद पडे आणि किल्लीच्या छिद्रातून आत धूळही जाई. हालचालीतून चावी देण्याची कल्पना ब्रेगे यांच्यापूर्वीची आहे. १७७० च्या दशकात ल लॉक्ल येथील अब्राहम-लुई पेर्ले आणि लिएज येथील ह्यूबेर सार्तों यांनी अशी घड्याळे बनवली होती.

ब्रेगे यांनी या कल्पनेला व्यवहार्य रूप दिले. एका टोकाशी बसवलेले प्लॅटिनमचे जड वजन चालताना वरखाली हलत असे. नाजूक स्प्रिंगच्या आधाराने ते तोललेले असल्यामुळे लहान हालचालीचाही उपयोग होई. एकाच दिशेने सरकू देणाऱ्या दातेरी चाकांमार्फत ही गती मुख्य स्प्रिंगपर्यंत पोहोचे. खरा धोका स्प्रिंग पूर्ण भरल्यानंतरचा होता, कारण घड्याळ बाळगणारा चालतच राहिला तर स्प्रिंगवर अतिरिक्त ताण येई. म्हणून स्प्रिंग भरताच एक तरफ वजनाला अडवून धरे. अशा घड्याळांना त्यांनी ‘पर्पेत्युएल’, म्हणजे ‘शाश्वत’, असे नाव दिले. त्यांपैकी एक १७८० मध्ये ऑर्लेआंच्या ड्यूकला आणि एक १७८२ मध्ये राणी मारी आंत्वानेत हिला मिळाले.

क्रांती आणि स्थलांतर

राजदरबारातील ग्राहकांमुळे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ब्रेगे यांचा जीव धोक्यात आला. क्रांतिकारक नेते झाँ-पोल मारा हे मूळचे नूशातेल परिसरातील आणि ब्रेगे यांचे मित्र होते. त्यांच्या मदतीने मिळालेल्या परवान्यावर ब्रेगे १७९३ मध्ये पॅरिसबाहेर पडले. ल लॉक्ल येथे काही काळ काम करून १७९५ मध्ये ते परतले. त्यांना आपला व्यवसाय पुन्हा उभा करावा लागला. यानंतर त्यांनी आगाऊ रकमेवर नोंदणी करून मिळणारे, एकाच काट्याचे साधे घड्याळ विक्रीस आणले.

अन्य शोध

घड्याळ पडल्यास तोलचक्राचा नाजूक आस मोडू नये म्हणून त्यांनी १७९० मध्ये आधाराला स्प्रिंग असलेली धक्कारोधक यंत्रणा तयार केली. खिशात घड्याळ उभे राहत असल्याने गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्या गतीत फरक पडे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी तोलचक्र व गतिनियंत्रक भाग एका फिरत्या पिंजऱ्यात बसवले, जेणेकरून वेगवेगळ्या स्थितींतील चुका परस्परांना भरून काढतील. या ‘तूर्बियों’चे दहा वर्षांचे एकस्व त्यांना २६ जून १८०१ रोजी मिळाले. नेपल्सची राणी कारोलिन म्युरा हिच्यासाठी त्यांनी मनगटावर बांधण्याचे घड्याळही बनवले. ते १८१२ मध्ये पूर्ण झाले.

सन्मान आणि वारसा

१८१५ मध्ये फ्रेंच नौदलाचे घड्याळनिर्माते म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १८१६ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. त्यांचे दफन पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत झाले.

मारी आंत्वानेतच्या नावाने ओळखले जाणारे १६० क्रमांकाचे घड्याळ १७८३ मध्ये मागवण्यात आले होते. त्या काळी ज्ञात असलेल्या बहुतेक सर्व यंत्रणा त्यात असाव्यात, अशी अट होती. त्यामुळे स्वयंचलित चावीसाठीचे प्लॅटिनमचे वजनही त्यात आहे. १७९३ मध्ये राणीला मृत्युदंड देण्यात आला, तर घड्याळ १८२७ मध्ये, म्हणजे ब्रेगे यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, पूर्ण झाले. १९८३ मध्ये ते जेरुसलेममधील संग्रहालयातून चोरीस गेले आणि २००७ मध्ये परत मिळाले.

खिशात घड्याळाची हालचाल मर्यादित असल्याने स्वयंचलित घड्याळे ब्रेगे यांच्या हयातीत दुर्मीळच राहिली. विसाव्या शतकात घड्याळ मनगटावर आल्यानंतर ती सर्वत्र रूढ झाली.