पॅरिसच्या लोकांनी चिडून कचऱ्याच्या डब्याला साहेबाचं नाव दिलं आणि ते आजपर्यंत टिकलं

फ्रान्समध्ये कचऱ्याच्या डब्याला पुबेल म्हणतात. घरातली बारकी पोरंही हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतात. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, हे तिथल्याही अनेकांच्या लक्षात येत नाही.

हा माणूस म्हणजे युजीन पुबेल. कायद्याचा प्राध्यापक, बडा सरकारी अधिकारी, पुढे राजदूत. आज घरोघरी कचरा वेगळा करायला सांगितलं जातं, तेच या माणसाने 1883 साली पॅरिसच्या लोकांना सांगितलं होतं. त्यावरून केवढा गदारोळ झाला, त्याची ही गोष्ट.

पुबेल यांचा जन्म 15 एप्रिल 1831 चा, नॉर्मंडीतल्या कां या शहरातला. कायदा शिकले आणि कायदाच शिकवू लागले. 1871 मध्ये त्यांना प्रीफेक्ट म्हणून नेमण्यात आलं. प्रीफेक्ट म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखं पद. पुढची बारा वर्षं कॉर्सिका, मार्सेय अशा ठिकाणी बदल्या होत होत ऑक्टोबर 1883 मध्ये ते सेन प्रांताचे, म्हणजेच पॅरिसचे प्रीफेक्ट झाले.

त्या काळात पॅरिसला महापौरच नव्हता. 1871 च्या बंडानंतर सरकारने राजधानीचा कारभार थेट आपल्या अधिकाऱ्याच्या हातात ठेवला होता. त्यामुळे वीस लाखांहून जास्त लोकांच्या शहरात रस्ते, पाणी, गटारं, कचरा या सगळ्यात पुबेल यांचा शब्द चालायचा.

तेव्हा पॅरिसमध्ये लोक घरातला कचरा सरळ रस्त्यावर ओतायचे. पहाटे गाडी यायची आणि ढीग उचलून न्यायची. गाडी येण्याआधी मात्र दुसरी माणसं येऊन जायची. पाठीवर टोपली, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात आकडी. हे पॅरिसचे कचरावेचक.

चिंध्या कागदाच्या कारखान्यात जायच्या, हाडांपासून सरस आणि बटणं बनायची, फुटकी काचही विकली जायची. उरलेला कुजका कचरा शहराबाहेरचे शेतकरी खत म्हणून वापरायचे. म्हणजे रिसायकलिंग हा शब्द नव्हता, पण काम चालू होतं. हजारो कुटुंबांचं पोट त्यावर होतं.

अडचण अशी होती की सगळं एकाच ढिगात पडायचं. उष्ट्या रश्श्यात भिजलेल्या कागदाला कोण भाव देणार? आणि ज्या खतात काचा आणि शिंपल्यांचे तुकडे आहेत ते शेतात कोण टाकणार? त्यात दुर्गंधी आणि रोगराईची भीती होतीच.

पुबेल यांनी पद हातात घेऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच 24 नोव्हेंबर 1883 ला त्यांनी आदेश काढला. प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकण असलेले डबे ठेवायचे. तेही एक नाही, तीन. पहिल्यात कुजणारा कचरा, दुसऱ्यात कागद आणि कापड, तिसऱ्यात काच, फुटकी भांडी आणि शिंपले. शिंपल्यांचा खास उल्लेख कशाला? कारण पॅरिसमध्ये कालवं खाण्याची चैन जोरात होती आणि शिंपल्यांचे ढीगच्या ढीग पडायचे.

15 जानेवारी 1884 पासून आदेश लागू झाला आणि शहर पेटलं.

डब्यांचा खर्च डोक्यावर आला म्हणून घरमालक चिडले. पहाटे डबे बाहेर काढायचे आणि परत आत आणायचे, हे काम इमारतीच्या रखवालदारांच्या गळ्यात पडलं, म्हणून तेही वैतागले. वर्तमानपत्रांनी साहेबाची खिल्ली उडवली. त्या भरात डब्यालाच पुबेल म्हणायला सुरुवात झाली. ती चेष्टाच होती.

पण सगळ्यात मोठा आणि खरा राग कचरावेचकांचा होता. कचरा रस्त्यावर येणारच नसेल आणि डब्यातून थेट गाडीत जाणार असेल तर वेचायचं काय? साहेबाला शहर स्वच्छ दिसत होतं, त्यांना रिकामी टोपली दिसत होती. त्यांची बाजू घेऊन वर्तमानपत्रांत लिहिलं गेलं, वाद नगरपरिषदेपर्यंत गेला.

अखेर पुबेल यांना थोडं नमतं घ्यावं लागलं. मार्च 1884 च्या सुधारित आदेशात कचरावेचकांना एक सवलत मिळाली. गाडी येण्याआधी डबा एका कापडावर ओतायचा, हवं ते काढून घ्यायचं आणि बाकीचं परत डब्यात भरायचं.

डबा टिकला. 1890 पर्यंत पुबेल हा शब्द फ्रेंच शब्दकोशातही पोचला होता. पण तीन डब्यांचा नियम टिकला नाही. लोकांनी एकच डबा घेतला आणि सगळं त्यातच कोंबलं. रस्ता स्वच्छ झाला, पण कागदावर रस्सा आणि खतात काच हे तसंच राहिलं.

पुबेल मात्र थांबले नाहीत. 1892 मध्ये पॅरिस भागात कॉलरा पसरला. त्यानंतर 1894 च्या कायद्याने घरमालकांना घरातलं सांडपाणी थेट गटाराला जोडणं बंधनकारक झालं. या कामामागेही पुबेल होते आणि तेव्हाही घरमालक खर्चावरून भांडलेच.

1896 मध्ये त्यांनी पॅरिस सोडलं आणि व्हॅटिकनमध्ये फ्रान्सचे राजदूत म्हणून गेले. पुढे दक्षिणेतल्या कार्कासोनच्या परिसरात राहून द्राक्ष बागायतदारांचे प्रश्न मांडले. 15 जुलै 1907 ला पॅरिसमध्येच त्यांचं निधन झालं. आज तिथे त्यांच्या नावाचा एक छोटासा रस्ता आहे.

फ्रान्सला त्यांच्या तीन डब्यांची आठवण व्हायला जवळपास शंभर वर्षं लागली. 1970 च्या दशकात काच वेगळी गोळा करायला सुरुवात झाली आणि 1992 च्या कायद्यानंतर बाकीच्या वस्तूंचं वर्गीकरण घरोघरी पोचलं. भारतात 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितले.

पण पुबेल यांच्या वेळची अडचण आजही तीच आहे. घरात डबे किती आहेत यापेक्षा कुठल्या डब्यात काय पडतं याला महत्त्व आहे. आमटी सांडलेलं वर्तमानपत्र, तेलकट पिझ्झाचा खोका, तळाशी दही राहिलेला डबा सुक्या कचऱ्यात गेला की आजूबाजूचा चांगला कागदही खराब होतो. प्लास्टिकची पिशवी ओल्यात गेली की खताची वाट लागते. सुक्यात जाणारा डबा पाण्याने नुसता विसळला आणि तेलकट कागद सुक्या डब्याबाहेर ठेवला तरी बराच माल वाचतो.

तो माल म्हणजे वेचणाऱ्याची दिवसाची कमाई. 1884 मध्ये पॅरिसचे कचरावेचक रिकाम्या टोपलीच्या भीतीने चिडले होते. आज टोपली रिकामी नसते, पण त्यातला घाणीने बरबटलेला माल भंगारवाला घेत नाही. वेचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.