उलट्या वाटेने गेलेले हॉल्डेन

आपण सारे मायदेश सोडून इकडे विलायतेत आलो. कुणी नोकरीसाठी, कुणी शिक्षणासाठी, कुणी पूर्व आफ्रिकेतून उठून. याच्या अगदी उलट्या वाटेने, लंडनमधली मानाची प्राध्यापकी सोडून वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कलकत्त्याला बिऱ्हाड करणारे एक इंग्रज शास्त्रज्ञ होऊन गेले. जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे नाव. आज त्यांची ओळख करून द्यावी असे आम्हांस वाटते.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील श्वसनक्रियेचे नामांकित संशोधक. १९०१ साली त्यांनी या लहान मुलाला मेंडेलच्या नियमांवरील एका व्याख्यानाला नेले. वाटाण्याच्या झाडांवरून मेंडेलने शोधलेले आनुवंशिकतेचे नियम तेव्हा जगाला नुकतेच, म्हणजे १९०० साली, पुन्हा सापडले होते. पुढे धाकटी बहीण नेओमी हिने पाळलेल्या गिनीपिगांवर भावंडांचे प्रयोग सुरू झाले. आश्चर्य असे की या माणसाने विज्ञानाची पदवी कधीच घेतली नाही. शिक्षण गणिताचे आणि ग्रीक-लॅटिनचे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांना उपचारांसाठी हिंदुस्थानात पाठवले. राज्यकर्त्याच्या तोऱ्यात राहावे लागणारा तो मुक्काम त्यांना रुचला नाही. बरोबरीच्या नात्याने राहता येईल तेव्हाच परत यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले.

त्यांचे खरे मोठे काम १९२४ पासूनचे. मेंडेलचे नियम एका जोडप्याच्या संततीबद्दल सांगतात. लाखो जिवांच्या समूहात एखादा गुण पिढ्यान्‌पिढ्या किती वेगाने पसरेल किंवा नाहीसा होईल, हे गणिताने मांडणाऱ्या तिघांपैकी हॉल्डेन एक. त्यांनी उदाहरण घेतले ते मँचेस्टरच्या पतंगांचे. १८४८ च्या सुमारास तेथे या जातीचा काळा पतंग दिसला तो अपवाद म्हणून. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडे काळवंडली आणि शतक संपेतो तेथले जवळजवळ सारे पतंग काळे झाले. वर्षाला एकच पिढी, म्हणजे जेमतेम पन्नास पिढ्या. हॉल्डेननी हिशेब केला: इतक्या वेगाने बदल व्हायचा तर पांढुरके दोन जगतात तेथे काळे तीन तरी जगले पाहिजेत. एवढा मोठा फरक निसर्गात असेल यावर अनेकांचा विश्वास बसेना. पण १९५० नंतरच्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या रानात प्रयोग झाले, तेव्हा पक्षी उठून दिसणारे पतंग अधिक टिपतात हे आढळले. १९५६ च्या कायद्याने इथली हवा निवळत गेली आणि पांढुरके पतंग पुन्हा वाढले.

दुसरी गोष्ट आपल्या घरापर्यंत येणारी आहे. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार आईबाप दोघांकडून सदोष जनुक आले तरच पूर्ण स्वरूपात होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत ही शक्यता चारांत एक. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही; आम्ही हे मुद्दाम लिहितो, कारण गैरसमज फार आहे. मग इतके घातक जनुक टिकले कसे? १९४९ साली हॉल्डेन यांनी सुचवले की ज्याच्यात ते एकेरी असते त्या वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळत असावे. १९५४ मध्ये आफ्रिकेतील सिकलसेलबाबत असाच पुरावा मिळाला. विदर्भात आणि नंदुरबारकडे आजही सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. लग्नाआधी पत्रिका पाहणाऱ्या मंडळींनी रक्ताची साधी तपासणीही करून घ्यावी, एवढेच आम्ही म्हणू.

हॉल्डेन यांची एक बाजू मात्र आम्हांला खटकते. ते कट्टर कम्युनिस्ट होते. रशियात लिसेंकोने मेंडेलचे शास्त्र मोडीत काढले आणि वाविलोवसारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मेला. याच वाविलोवचे पाहुणे म्हणून हॉल्डेन १९२८ मध्ये रशियाला गेले होते. तरीही ते फार काळ गुळमुळीत बोलत राहिले. संशोधनासाठी स्वतःच्या शरीरावर जिवावरचे प्रयोग करणारा माणूस इथे कचरला. पुढे पक्षापासून ते दूर झाले, पण गाजावाजा न करता.

१९५७ साली सुएझच्या स्वारीचा निषेध म्हणून आपण इंग्लंड सोडतो असे सांगून ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. धोतर-कुडता घातला, मांसाहार सोडला, भारतीय नागरिकत्व घेतले. महागडी यंत्रे नाहीत म्हणून रडत बसू नका, डोळे आणि वही पुरे, हा त्यांचा तिथल्या तरुणांना आग्रह. एकाने पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. एकाच झाडाचा वारसा एकच. तरी कुठे पाच, कुठे सहा, कुठे सात. दुसऱ्याने नारळाच्या झावळ्यांचा वेढा डावा की उजवा हे पाहिले आणि तो वारशाने येत नाही असे दाखवले. सुरेश जयकर यांनी हेलनबाईंबरोबर भर उन्हाळ्यात उघड्या माळावर अंडी घालणाऱ्या माळटिटवीचा अभ्यास केला. त्याच जयकरांसह हॉल्डेननी १९६३ साली गणिताने दाखवले की परिस्थिती वर्षावर्षाला पालटत असेल, तर एरवी तोट्याचा गुणही समूहात टिकून राहू शकतो. चार बऱ्या वर्षांत मागे पडणारा पाचव्या दुष्काळी वर्षी तगून जातो, असे समजा.

संस्थेच्या संचालकांशी, म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिसांशी, त्यांचे बिनसले. स्वभाव तापट, लाल फितीची चीड. १९६२ मध्ये ओरिसा सरकारच्या आमंत्रणावरून ते भुवनेश्वरला गेले. पुढे कर्करोगाचे निदान झाले. लंडनला शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांनी त्या दुखण्यावर चक्क विनोदी कविता लिहिली, आणि मग ते परतले! १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरलाच त्यांचे निधन झाले. देह विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी द्यावा अशी त्यांची इच्छा होती; त्याप्रमाणे तो आंध्रातील काकिनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवण्यात आला.