संत इग्नेशियस आणि विचारांची पारख

३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा सण. येशूसंघाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. गोव्यात ज्यांच्या पवित्र अवशेषांचे आपण दर्शन घेतो, त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे ते पॅरिसमधील सोबती. परंतु त्यांच्या जीवनातली आम्हांला सर्वांत जवळची वाटणारी घटना संघस्थापनेच्या कितीतरी आधी, आजारपणात घडली.

स्पेनच्या बास्क प्रांतात, लोयोला येथील सरदार घराण्यात १४९१ साली त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांना तलवारीचे आणि मानमरातबाचे वेड होते. २० मे १५२१ रोजी पांपलोना येथे फ्रेंच सैन्याशी लढताना तोफेचा गोळा लागून त्यांचा उजवा पाय मोडला. हाड जुळले, पण वर उचललेले राहिले. तंग बूट शोभणार नाहीत म्हणून ते हाड त्यांनी कापून घेतले, आणि तेही भुलीचे औषध नसलेल्या काळात!

पडल्या पडल्या वेळ जावा म्हणून त्यांनी शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळाली ती ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांची चरित्रे. वाचता वाचता ते विचारात हरवून जात. कधी एका थोर कुळातल्या स्त्रीसाठी कोणते पराक्रम करावे, तिच्याशी काय बोलावे, ह्यात तासन्‌तास जात. कधी वाटे, संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक ह्यांनी जे केले ते मी का करू नये? दोन्ही विचार गोडच होते. फरक मागाहून जाणवे. पहिल्या विचारांनंतर मन कोरडे पडे, दुसऱ्यांनंतर आनंद टिकून राही. कित्येक दिवस ह्याकडे त्यांचे लक्षही नव्हते. मग एके दिवशी ते ध्यानात आले, आणि विचार मागे काय ठेवून जातो हे पाहण्याची सवय त्यांना लागली.

बरे झाल्यावर, मार्च १५२२ मध्ये, त्यांनी माँटसेराट येथे पवित्र मरियेच्या वेदीजवळ तलवार वाहिली व ते मानरेसा गावी राहिले. तेथे परीक्षा कठीण झाली. पापनिवेदन करूनही जुनी पापे आठवत राहात. ही बोच इतकी वाढली की जीव देण्याचे विचार मनात येऊ लागले. आम्ही हे मुद्दाम लिहीत आहोत. असे विचार आले म्हणजे देवाने आपल्याला टाकले, असे समजून माणसे गप्प बसतात. इग्नेशियस गप्प बसले नाहीत, पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना त्यांनी आपली स्थिती सांगितली. पुढे आपल्या जुन्या मापाने त्यांनी ह्या बोचणीकडेही पाहिले. तिच्यामुळे प्रभूच्या मार्गाचाच कंटाळा येत होता. तेव्हा, एकदा सांगितलेली पापे पुन्हा उगाळायची नाहीत, असे त्यांनी ठरवले.

बार्सिलोनातला प्रसंग तर गमतीचा आहे. तिशी उलटलेले इग्नेशियस तेथे लॅटिन व्याकरण शिकू लागले. पाठांतराला बसले की नेमके भक्तीचे उदात्त विचार दाटून येत. प्रार्थनेत किंवा मिस्सात मात्र ते इतके उत्कट नसत! हा मोह आहे हे त्यांनी ओळखले. गुरुजींना गाठून, दोन वर्षे एकही पाठ चुकवणार नाही, असे वचन त्यांनी दिले. वेळ चुकवून आलेला पवित्र विचारही वाट चुकवू शकतो, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

पुढे १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर ते व सहा सोबती व्रतबद्ध झाले. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप पॉल तिसरे ह्यांनी येशूसंघाला मान्यता दिली. १५४८ साली 'आध्यात्मिक साधना' ह्या त्यांच्या पुस्तकालाही मान्यता मिळाली. ३१ जुलै १५५६ रोजी रोम येथे ते प्रभूघरी गेले आणि १२ मार्च १६२२ रोजी त्यांना व संत फ्रान्सिस झेवियर ह्यांना एकाच दिवशी संतपद लाभले.

त्या पुस्तकात आत्मपरीक्षणाची रीत दिली आहे. सुरुवात पापाने करायची नाही, आधी देवाचे आभार मानायचे. मग कृपा मागून, उठल्यापासूनचे विचार, शब्द आणि कृती तासातासाने आठवायच्या, क्षमा मागायची व सुधारण्याचा निश्चय करायचा. एखादा विशिष्ट दोष घालवायचा असेल, तर त्यासाठी वेगळी युक्तीही आहे. दोष घडताक्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही ते कोणाच्या ध्यानात येत नाही. दररोज दोन रेघा आखायच्या, एक दुपारची, एक रात्रीची. जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके द्यायचे आणि दुसरी रेघ पहिलीशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी ताडून पाहायचा.