हबसाणचा चापू ते मलिक अंबर

पुणे जिल्ह्यातील जुन्नर गावाजवळ हापूसबाग नावाचे एक छोटे खेडे आहे. या नावाचा आंब्याशी काही संबंध नाही. मूळ नाव हबशीबाग असावे व बोलता बोलता त्याचे हापूसबाग झाले असावे, असे जुने जाणकार सांगतात. हबशी म्हणजे हबसाणातून, आजच्या इथिओपियातून आलेला माणूस. असे शेकडो लोक एके काळी आपल्या दख्खनच्या मातीत राहिले, लढले व इथेच दफन झाले. त्यांच्यापैकी सर्वांत मोठ्या पुरुषाची हकीकत येथे थोडक्यात देत आहे.

सुमारे 1548 साली हबसाणात त्याचा जन्म झाला. घरचे नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरातून पुढे बगदादला पोचला. तेथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. या मालकाने मुलाची हुशारी ओळखून त्याला लिहावाचायला शिकवले. इस्लाम स्वीकारल्यावर त्याचे नाव अंबर झाले. गुलामाला तालीम देणारा मालक मिळाला, एवढेच काय ते त्या मुलाचे नशीब. बाकी सारे त्याने स्वतःच कमावले.

पुढे तो दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. गंमत पाहा, हा चंगेजखानही हबशीच होता आणि त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. चंगेजखान वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. मग काही वर्षे विजापूरला चाकरी झाली, तेथे मलिक हा किताब मिळाला आणि 1595 च्या सुमारास तो परत निजामशाहीत आला. तेव्हा हाताखाली जेमतेम दीडशे स्वार होते.

1600 साली अकबराच्या फौजांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असे सर्वांनी धरून चालले. मलिक अंबर यांनी तसे धरले नाही. राजघराण्यातील एका तरुणाला त्यांनी परांड्याच्या किल्ल्यात मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली व स्वतः कारभार हाती घेतला. पुढे राजधानी जुन्नरला आली. म्हणजे बादशहा अकबर व त्यानंतर जहांगीर यांच्याशी जे झुंजत होते, त्यांचे ठाणे काही काळ आपल्याच जिल्ह्यात होते.

इतकी सत्ता, इतका मान असूनही कातडीचा रंग काही पाठ सोडीना. पीटर व्हॅन डेन ब्रोके हा डच व्यापारी 1617 साली अंबर यांना भेटला होता. त्याने एक हकीकत लिहून ठेवली आहे. सुलतानाला एक गोरी इराणी बेगमही होती. महालात एकदा शब्दाला शब्द वाढला आणि तिने अंबर यांच्या मुलीला, तू शेवटी गुलामाचीच पोर, या अर्थाचे टोचून बोलले. मुलीने ते बापाच्या कानावर घातले. त्यानंतर 1610 साली सुलतान व ती बेगम या दोघांनाही विषप्रयोगाने मारण्यात आले आणि सुलतानाच्या लहान मुलाला गादीवर बसवण्यात आले. या कृत्याचे समर्थन करता येणार नाही आणि आम्ही ते करीतही नाही. पण ज्या माणसाच्या तलवारीवर ते तख्त टिकले होते, त्याच्या लेकीला त्याच तख्ताच्या घरात हे ऐकावे लागले, हे वाचून मन सुन्न होते.

त्याच सुमारास त्यांनी खडकी हे नवे शहर वसवले. आपल्या पुण्याजवळची खडकी नव्हे, तर मागाहून औरंगाबाद झालेली व आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाणारी खडकी. तेथे जमिनीखालून पाणी आणणारी नहर त्यांनी बांधली. ती नहर-ए-अंबरी लोकांनी शतकानुशतके वापरली. वसुलाचा मक्ता देण्याची चाल बंद करून जमिनीचा मगदूर पाहून सारा ठरवण्याची पद्धत त्यांनी घातली. गनिमी काव्याच्या लढाईत त्यांचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता, आणि त्या फौजेत मराठा सरदार मोठ्या संख्येने होते. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्यांच्याच बाजूने लढले. राजांचे बंधू शरीफजी त्या लढाईत पडले. तिथे मराठा, दख्खनी मुसलमान व हबशी एका निशाणाखाली होते.

आता दिल्लीपतीकडे वळू. जहांगीर बादशहा विद्वान, चित्रांचा व फुलापाखरांचा शौकीन. परंतु आपल्या आत्मचरित्रात अंबर यांचे नाव आले की लेखणी घसरते, काळ्या तोंडाचा, काळ्या नशिबाचा अशी विशेषणे येतात. फारसीत काळे तोंड म्हणजे बेअब्रू, असा वाक्प्रचार आहे हे खरे. मराठीतही आपण तोंड काळे केले असे म्हणतोच. पण समोरचा माणूस खरोखरच काळा असेल तेव्हा त्या वाक्प्रचाराला वेगळीच धार येते, आणि बादशहाला ती हवी होती. 1616 च्या सुमारास त्याने चित्रकार अबुल हसन याच्याकडून एक चित्र काढून घेतले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या काळ्या मुंडक्याला बाण मारीत आहे. रणात जे साधले नाही ते कागदावर साधले! पुढे याच बादशहाचा बंडखोर मुलगा शाहजहान आसऱ्यासाठी दख्खनला आला, तेव्हा त्याला हात देणारे मलिक अंबरच होते.

1626 साली, ऐंशीच्या घरात असताना, अंबर आपल्या मृत्यूने गेले. खुलताबादेस त्यांची कबर आहे. मोगल दरबाराचा इतिहासकार मुतमदखान याने त्यांच्या युद्धकौशल्याची व कारभाराची मोकळ्या मनाने स्तुती केली. मात्र हबशी गुलाम इतक्या योग्यतेला चढल्याचे दुसरे उदाहरण नाही, असे आश्चर्यही त्याने जोडून दिले. स्तुतीतही गुलामी सुटली नाही.

हे सारे जुने म्हणून सोडून देता आले असते. पण हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव आपण प्रत्येक वाजमध्ये प्रेमाने घेतो, आणि घरी सावळे मूल जन्मले की त्यालाच हबशी म्हणून हाक मारतो. स्थळ पाहायला जाताना मुलीचे शिक्षण नंतर विचारतो, रंग आधी पाहतो. आफ्रिकेतील विद्यार्थी आपल्या पुण्यात शिकायला येतात. कुलूप लावलेली रिकामी खोली दारावर असताना त्यांना खोली नाही असे सांगणारे हात आपल्यातलेही आहेत. उद्या आपल्याच मुलाला नावावरून घर नाकारले की मात्र आपल्याला अन्याय दिसतो, आणि तो असतोही.

आपल्या शाळांच्या सहली दरवर्षी शिवनेरीला जातात. मुले गड चढतात, जन्मस्थान पाहतात, डबे सोडतात आणि संध्याकाळी गाडी परत फिरते. पुढच्या खेपेस शिक्षकांनी थोडा वेळ काढून ती गाडी हापूसबागेवरून न्यावी, आणि त्या खेड्याला हे नाव कसे पडले असावे ते मुलांना गाडीतच सांगावे.