कीटकांचा संसार पाहणारे शिक्षक : झाँ आंरी फाब्र

पावसाळा सरत आला की कुंपणाच्या मेंदीवर एक हिरवा, लांब मानेचा किडा पुढचे दोन पाय जोडून बसलेला दिसतो. त्याला प्रार्थना कीटक म्हणतात. नाव सात्त्विक आहे, वृत्ती मुळीच नाही. जोडलेल्या त्या पायांना करवतीसारखे दात असतात, आणि मीलनाच्या वेळी मादी पुष्कळदा नरालाच खाऊन टाकते. हा प्रकार ज्यांनी बारकाईने पाहून जगापुढे मांडला, ते कोणी मोठे प्रोफेसर नव्हते. ते अल्प वेतनाचे शाळामास्तर होते. या अंकात आम्ही त्यांचीच ओळख करून देत आहोत.

झाँ आंरी फाब्र यांचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये दक्षिण फ्रान्समधील सँ-लेओं या खेड्यात झाला. घरची गरिबी इतकी, की लहानपणी त्यांनी जत्रेत लिंबे विकली. आव्हीन्यों शहरातील शिक्षक-प्रशिक्षण शाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८४२ मध्ये ते मास्तर झाले. गणित, भौतिकशास्त्र त्यांनी स्वतःच अभ्यासून पदव्या घेतल्या. पुढे कॉर्सिका बेटावर नोकरी केली आणि १८५३ मध्ये आव्हीन्योंच्या सरकारी विद्यालयात परतले. तिथे वर्षाला सोळाशे फ्रँक पगार होता आणि तो कधी वाढला नाही. मिळकत वाढावी म्हणून त्यांनी आपल्याकडील मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून शुद्ध लाल रंग काढण्याची युक्ती शोधली. युक्ती साधलीही, पण १८६८-६९ च्या सुमारास जर्मन रसायनतज्ज्ञांनी तोच रंग कृत्रिम रीतीने बनवला आणि फाब्र यांची वर्षांची मेहनत वाया गेली.

पालकांनी पुढचा प्रसंग विशेष लक्ष देऊन वाचावा. फ्रान्सचे तेव्हाचे शिक्षणमंत्री व्हिक्तॉर द्युरुई यांनी मुलींच्या पुढील शिक्षणासाठी वर्ग सुरू केले होते. फाब्र आव्हीन्योंमध्ये असे वर्ग घेत. तिथे त्यांनी मुलींना फूल उलगडून दाखवले, पुंकेसर कोणते, स्त्रीकेसर कोणते आणि परागकणाने बी कसे धरते ते सांगितले. एवढ्यावरून गावात काहूर माजले. मुलींसमोर असले विषय काढणारा मास्तर धोकादायक ठरला. १८६९ मध्ये द्युरुई यांचे मंत्रिपद गेले आणि पाठीराखा उरला नाही. घरमालकिणी दोन वृद्ध बहिणी होत्या, त्यांनी घर सोडायला लावले. मुलाबाळांना घेऊन जायचे कुठे? हाती पैसा नव्हता. त्या वेळी विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल आव्हीन्योंजवळ राहत असत. हे तेच मिल, ज्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत अनेक वर्षे नोकरी केली. दोघांना वनस्पतींचा नाद, त्यावरून मैत्री. मिल यांनी काही लिहून न घेता तीन हजार फ्रँक दिले. फाब्र यांनी ते पुढे फेडले.

दीडशे वर्षांपूर्वीचे, तेही परदेशातले, असे म्हणून हे सोडून देता येत नाही. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात जननाचा पाठ होता, पण सर म्हणत, हा घरी वाचून या. घरी तर तो कोणीच समजावला नाही. दहावीचा तोच पाठ आपल्या शाळेत मुलामुलींना एकत्र बसवून पूर्ण शिकवला जावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या पालकांना संकोच वाटत असेल, त्यांनी वर्गात येऊन मागच्या बाकावर बसावे.

नोकरी सुटल्यावर फाब्र यांनी शालेय पुस्तके लिहून घर चालवले. १८७९ मध्ये सेरिन्याँ गावात त्यांनी एक दगडाळ, काटेरी जमीन घेतली. शेतीला निकामी, पण गांधीलमाश्या, शेणकिडे, प्रार्थना कीटक यांनी भरलेली. त्यांच्या कीटकविषयक ग्रंथाचे दहा खंड १८७९ ते १९०७ या काळात निघाले. प्रार्थना कीटक त्यांनी तारेच्या जाळीखाली पाळले. एका मादीने पंधरा दिवसांत सात नर खाल्लेले त्यांनी पाहिले. डोके गेल्यावरही नराचे धड मीलन चालू ठेवते, हेही त्यांनी न लाजता आणि न रंगवता नोंदले. मोठ्या पतंगाची एक मादी कोशातून निघाली, त्या रात्री चाळीसएक नर खिडकीतून आत आले. हे गंधामुळे होत असावे, असा त्यांचा तर्क होता. तो बरोबर होता. १९५९ मध्ये रेशीम-पतंगाच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून असा गंधपदार्थ शुद्ध करण्यात आला.

एका मादीसाठी झुंजणाऱ्या नरांची त्यांची निरीक्षणे डार्विन यांनी आपल्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्त्यांत आदराने घेतली. फाब्र यांनी मात्र उत्क्रांती कधी मानली नाही. उपजत बुद्धी पहिल्यापासून पूर्णच असते, असे ते म्हणत. आमच्या मते इथे त्यांचा हट्ट आड आला, कारण नर का खाल्ला जातो याचे उत्तर उत्क्रांतीतच होते. मादीला अंड्यांसाठी अन्न हवे असते, नराला जगून पुन्हा जोडीदार हवी असते. दोघांचे हित एक नाही. इंग्रज शास्त्रज्ञ जेफ्री पार्कर यांनी १९७९ मध्ये या नर-मादी संघर्षाची नीट मांडणी केली. १९९६ च्या एका प्रयोगात फळमाशीच्या माद्यांना बदलू दिले नाही, नरांना मात्र बदलू दिले. थोड्याच पिढ्यांत असे नर तयार झाले, ज्यांच्या संगतीने माद्या लवकर मरू लागल्या. प्रार्थना कीटकाबाबत कळले ते असे, की खाल्लेल्या नराचे पोषण खरोखर अंड्यांत उतरते आणि भुकेल्या मादीकडे नर अधिक जपून सरकतो. मोकळ्या रानात हे भक्ष्यकांड पिंजऱ्यातल्याहून कमी घडते.

फाब्र ऑक्टोबर १९१५ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी, सेरिन्याँच्या त्याच घरी वारले. घर आणि ती काटेरी जमीन फ्रान्सने जतन केली आहे.