फादर थॉमस स्टीफन्स
फादर थॉमस स्टीफन्स (इ.स. १५४९ – इ.स. १६१९) हे मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे इंग्रज जेझुइट धर्मगुरू होते. इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर निर्बंध असताना त्यांनी मायदेश सोडला आणि इ.स. १५७९ मध्ये ते गोव्यात आले. साष्टीत पोर्तुगिजांनी देवळे पाडल्याने असंतोष धुमसत होता. इ.स. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. पुढे पोर्तुगिजांनी तेथील गावकारांना ठार केले. अशा दुभंगलेल्या प्रदेशात स्टीफन्स यांनी लोकभाषा आत्मसात केली. धर्मांतरितांची जुनी पुराणे सुटली होती. ती उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी बायबलमधील कथा सुमारे ११,००० ओव्यांत सांगितल्या. हा ग्रंथ इ.स. १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. ख्रिस्ती श्रद्धा आणि मराठी पुराणपरंपरा यांचा मेळ त्यात आढळतो.