पाणी माणशी वाटणारे विलासराव साळुंखे

हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या बाजूस सिद्धेश्वर धरणाचे कालवे वाहतात आणि सेनगावच्या माळावर मात्र शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. एकाच जिल्ह्यातील ही दोन चित्रे आम्हांस नेहमी अस्वस्थ करतात. या विषमतेवर आयुष्य वेचणाऱ्या विलासराव साळुंखे यांचे स्मरण म्हणूनच येथे करीत आहोत. ते २००२ साली निवर्तले. आमच्या तरुण वाचकांस कदाचित त्यांचे नावही ठाऊक नसेल.

विलासराव हे पुण्यातील अभियंते व कारखानदार. १९७२च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात गेले, तेव्हा हजारो स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर खडी फोडताना त्यांना दिसले. त्या कामाने मजुरी मिळत होती, पण जमीन होती तशीच उघडी राहत होती. पुढच्या अवर्षणात हीच माणसे पुन्हा खडी फोडणार, हे त्यांना उमगले. १९७४ साली त्यांनी ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापिले. नायगाव येथील देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड जमीन ५० वर्षांच्या कराराने घेऊन ते पत्नी कल्पनाताईंसह तेथे राहावयास गेले. शहरातील सुस्थित माणसाने असा निर्णय घेणे सोपे नसते.

उतारावर समतल बांध घालून त्यांनी वाहून जाणारी माती थोपविली, झाडे लावली. पायथ्याशी पाझर तलाव व विहीर केली आणि तेथील पाणी उचलून वरच्या शेतास दिले. ज्या माळावर पूर्वी जेमतेम काही पोती धान्य होई, तेथे पिके उभी राहिली.

परंतु विलासरावांचे खरे मोठेपण, आमच्या मते, याच्या पुढे आहे. पाणी साठले की ते कोणाचे, हा तंटा उभा राहतोच. १९७९पासून आकारास आलेल्या पाणी पंचायतीने त्याचे उत्तर दिले. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यावयाचे नाही, कुटुंबातील माणसे मोजून द्यावयाचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकरांपुरते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनांसही वाटा मिळेल. तो घेऊन त्यांनी दुसऱ्याची जमीन वाट्याने कसावी. योजना एकट्यादुकट्याची नसेल, गटाचीच असेल, आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलावा.

ऊस लावावयाचा नाही, हा नियम सर्वांत जड गेला असणार. एक एकर उसास लागणाऱ्या पाण्यात ज्वारी-बाजरीसारखी पिके कित्येक एकर निघतात, हा हिशेब साधा आहे. पण उसाचा रोख पैसा मोह घालतो. ऊसपट्ट्यात राहून हे बोलावयास धैर्य लागते.

आसपासच्या अनेक गावांनी ही पद्धत स्वीकारली. कामासाठी शहरात गेलेली काही कुटुंबे गावी परतली. सर्वच योजना टिकल्या असे मात्र नाही. उपसा म्हटला की विजेचा खर्च आला आणि माणसामाणसांतील कुरबुरीही आल्या. शासनाने अनुदान दिले, पण भूमिहीनाचा पाण्यावरील हक्क राज्याचा सर्वसाधारण नियम झाला नाही. विलासरावांच्या पश्चात कल्पनाताईंनी नायगावचे काम पुढे चालविले.